एका बिस्किटाचे पाप

तोरमोदला सगळे गाव 'पाद्री' म्हणे, आणि तो जन्मात कधी पाद्री नव्हता. तो ट्वीडचे जाड लोकरी कापड विणायचा. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये लोखंडी माग आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या मागाची खटखट. पण लुईस बेटावर टोपणनाव एकदा चिकटले की ते धुऊन जात नाही, उलट वारसाहक्काने पुढच्या पिढीला मिळते. त्याच्या मुली 'पाद्रीच्या मुली' म्हणूनच नांदायला गेल्या. त्याचा मेंढा लोकांच्या ओटच्या शेतात घुसला की 'पाद्रीने पुन्हा कुंपण मोडलं' अशी बोंब व्हायची. चर्चमध्ये जो खराखुरा धर्मोपदेशक होता त्याला बिचाऱ्याला 'पाळकसाहेब' म्हणावे लागे, कारण दुसरा शब्द आधीच वापरून झाला होता.

यातून घोटाळे व्हायचेच. वर्षातून दोनदा गावात प्रभुभोजनाचा सोहळा येई, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये मेजाशी भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा. गुरुवारपासून सोमवारपर्यंत नुसते उपदेश, प्रार्थना आणि पाहुणे. घराघरांत माणसे इतकी की यजमान जमिनीवर झोपत. अशाच एका वर्षी बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या दोन म्हाताऱ्या बसमधून उतरल्या, रस्त्यात कुणाला तरी पाद्रीचे घर विचारले आणि सरळ तोरमोदच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. काळ्या टोप्या, काळे कोट, मांडीवर बायबल. त्यांनी मटणाचा रस्सा ओरपला, बटाटे संपवले आणि मोठ्या भक्तिभावाने म्हणाल्या, "साहेब, आता प्रार्थना सांगा."

"बाई, मी विणकर आहे," तोरमोद म्हणाला.

दोघी एकमेकींकडे पाहून गहिवरल्या. "प्रेषित पौलसुद्धा तंबूच शिवायचा," त्यांतली एक म्हणाली.

तोरमोदची बायको डोलिना तोंडात एप्रनचा बोळा कोंबून मागच्या दारी गेली ती बराच वेळ आत आली नाही. तोरमोद मात्र हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि त्या म्हाताऱ्यांनी तीही नम्रताच समजली.

हे नाव त्याला का पडले हे नव्या पिढीला ठाऊक नव्हते. जुन्यांपैकी काहींना समुद्राने नेले, काहींना कॅनडाने. पुरते ठाऊक असलेला एकच माणूस गावात उरला आहे, असे तोरमोदला वाटे, आणि तो म्हणजे तो स्वतः.

तरुणपणी त्याला नकला यायच्या. नुसत्या यायच्या असे नाही, अंगात यायच्या. गुरांचा डॉक्टर, दुकानदार, कोंबड्यांना हाका मारणारी त्याची स्वतःची आत्या, सगळे त्याच्या गळ्यात मुक्कामाला. पण त्याची हुकमाची नक्कल म्हणजे त्या काळचे म्हातारे पाळकसाहेब; 'पाद्री' हे नाव त्यावरूनच पडलेले. ती थरथरणारी हनुवटी, तो नाकातला लांबलचक सूर, 'पण' म्हणण्याआधीचे ते थांबणे, ज्यात माणसाला आपली सगळी कर्मे आठवून व्हायची. गावाबाहेर बाप्यांची दारू प्यायची एक झोपडी होती. एका शनिवारी संध्याकाळी तोरमोद जहाजावरून रजेवर आलेला, खिशात जहाजावरचे एक कडक बिस्किट. कुणीतरी म्हणाले, "पाद्री, आज प्रभुभोजन होऊन जाऊ दे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तोरमोदने खांद्यावर घोंगडी घेतली, पिठाचे पांढरे पोते फळीवर अंथरले, बिस्किट हातात धरून मोडले आणि पाळकसाहेबांच्या आवाजात ते शब्द म्हटले. थट्टेचे नव्हेत, खरे शब्द, चर्चमध्ये म्हणतात ते. मग तुकडे फिरले, मागोमाग व्हिस्कीचा पेला फिरला. लोक हसून हसून जमिनीवर लोळले. तोही हसला. फक्त हसता हसता त्याला एकदा जाणवले की हे शब्द आपल्या तोंडून फार सुंदर येताहेत.

पुढे दोनेक वर्षांत तो बदलला. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असे लोक म्हणाले, आणि त्यांचे फारसे चुकले नव्हते. दारू सुटली, जहाज सुटले, डोलिनाशी लग्न झाले, माग आला. रविवारची उपासना त्याने आजारपणातही बुडवली नाही. पण प्रभुभोजनाच्या मेजाशी तो कधी गेला नाही.

त्या गावात यात जगावेगळे काही नव्हते. चर्चला सगळे जात, मेजाशी थोडे. ज्याला आतून वाटेल त्याने चर्चच्या पंचांसमोर जायचे, आपले मन उघडायचे, आणि पंचांना पटले तर शिशाचा एक छोटा बिल्ला मिळायचा. पुढे दर सोहळ्याच्या शनिवारी तो नव्याने घ्यायचा, आणि तो असेल त्यालाच मेजाशी भाकर. आपण त्या लायकीचे नाही असे म्हणत कितीतरी जण म्हातारे होत. त्यांची जागा ठरलेली, मागे, गॅलरीखाली. तिथे बसण्यात लाज नव्हती, उलट एक प्रतिष्ठाच होती. मीच सर्वांत नालायक, या बाबतीत दुसऱ्याला हार जायचे नाही, असा एक मुका सामना त्या बाकांवर वर्षानुवर्षे चाले. तोरमोद त्यातला जुना गडी.

आता खरे बोलायचे तर त्या आठवणीने त्याचे नुकसानच केले असे कुणी म्हणू नये. दारुडा रुआरी खड्ड्यात पडला की चांगली चांगली माणसे रस्ता बदलून जात. तोरमोद ढकलगाडी घेऊन येई, त्याला तीत घालून घरी पोचवी आणि उपदेशाचा एक शब्द बोलत नसे. गावात कुणाच्या मुलीचे पाऊल वाकडे पडले आणि बायकांना चघळायला विषय मिळाला की तो उठून शेडमध्ये जाई. नकला अजून करी, पण मेंढ्यांच्या आणि रेडिओवर वादळाचा इशारा देणाऱ्या माणसाच्या. जिवंत शेजाऱ्याला त्याने पुन्हा कधी गळ्यात घेतले नाही. त्याच्या जिभेला लगाम होता, आणि तो त्या बिस्किटाने घातलेला होता.

बिस्किटावरून आठवले ते फिन्लेचे. फिन्ले कुंपणापलीकडचा शेजारी, चर्चच्या पंचांपैकी एक, आणि सगळ्या पंचांत मऊ. ज्याला काही कबूल करायचे असेल तो आधी फिन्लेचे दार ठोठावी. आठवड्यातून दोनदा तरी तो तोरमोदकडे चहाला यायचा आणि चहाबरोबर कधी बिस्किट घ्यायचा नाही. मऊ पावासारखा स्कोन चाले, केक चाले, ओटची भाकरी चाले, बिस्किट नाही. गावात यावर मतभेद होते. कुणी म्हणे कवळी, कुणी म्हणे साखर, कुणी म्हणे कंजूष आहे, आपल्या घरी द्यावे लागू नये म्हणून दुसऱ्याकडे घेत नाही. डोलिनाने आल्याची करून पाहिली, लोण्याची करून पाहिली, एकदा हट्टाने दुकानातली चॉकलेटची आणली.

"पोट भरलंय," फिन्ले म्हणाला आणि स्कोन उचलला.

"या माणसाला माझ्या हाताची चवच नाही," तो गेल्यावर डोलिना म्हणाली. ती स्वतः स्कोनला लोणी लावत नसे, कोरडाच खाई. पोटाला बाधते म्हणे. तोरमोद तिला 'स्वस्तात पडलेली बायको' म्हणून चिडवी.

तर अशी सगळी सुरळीत चाललेली गाडी त्या वर्षीच्या गुरुवारी अडली.

"मी यंदा मेजाशी जाणार नाही," डोलिना बटाटा सोलता सोलता म्हणाली.

तोरमोद चहा ओतत होता. "बरं नाही का तुला?"

"ठणठणीत आहे."

"मग?"

"मग काय. दर वेळी मी पुढे पांढऱ्या चादरीपाशी, आणि तू मागे त्या नम्र म्हाताऱ्यांत. माझे गुडघे बघ, केस बघ. एकदा तरी नवऱ्याच्या शेजारी बसून भाकर घ्यावी म्हणून वाट पाहिली. आता कंटाळा आला. तू येत नसशील तर मी मागे येते. गॅलरीखाली बसू दोघं."

"अगं म्हातारे, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, डोलिनानं काहीतरी भयंकर केलंय, म्हणून मेजावरून उठली. शोधत बसतील. त्यांचा हिवाळा बरा जाईल."

तोरमोदच्या हातातली किटली खाली टेकली. ज्या बाईने इतकी वर्षे प्रभूच्या मेजाशी भाकर घेतली ती एका रविवारी जागची उठली नाही, म्हणजे गावात भूकंपच. आणि ही करून दाखवणारी बाई. एकदा भावाशी भांडून तिने तीन वर्षे त्याच्या दुकानातून मीठसुद्धा घेतले नव्हते.

"तुला माहीत नाही मी काय केलंय ते," तो म्हणाला.

"नाही. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. कुणाला मारलंस?"

"नाही."

"मेंढी चोरलीस?"

"नाही गं."

"मग बायबलातले कितीतरी लोक तुझ्या पुढे गेलेत. आणि त्यांना देवानं ठेवून घेतलं." तिने सोललेला बटाटा पातेल्यात टाकला. "तुला सांगू का, तू ते पाप पाळलंयस. घरात कुत्रं नाही, ते आहे. रोज उठून त्याला खायला घालतोस, आणि कुणी दाराशी आलं की त्याला सोडतोस अंगावर. देव आला तरी."

तोरमोदने तिच्यासमोर चहा ठेवला आणि शेडमध्ये गेला. सोहळ्याच्या दिवसांत माग बंद, म्हणून नुसता त्याच्यासमोर बसून राहिला. मेजाशी जायचे तर पंचांसमोर ती झोपडी उघडी करावी लागणार. आणि नाही जायचे तर त्याच्या पापासाठी डोलिनाचे नाव गावभर चघळले जाणार. चाळीस वर्षे जे एकट्याचे ओझे म्हणून वाहिले, ते ही बाई एका बटाट्यात अर्धे उचलून बसली होती.

शुक्रवार पुरुषांच्या बोलण्याचा. पाळकसाहेब विषय मागतात, मंडळीतला एखादा उठून बायबलमधले एक वचन पुढे ठेवतो, आणि मग एकेकाला नावाने हाक मारून त्यावर आपला अनुभव सांगायला लावतात. त्या शुक्रवारी वचन निघाले ते दाविद राजाचे, 'माझे पाप नित्य माझ्यापुढे आहे' हे. तोरमोदने बाकाची कड घट्ट धरली.

पहिला उठला तो शेजारच्या बेटावरचा पाहुणा, छातीपर्यंत दाढी. त्याने आपल्या तारुण्यातली पापे काढली. पत्ते, घोड्यांच्या शर्यती, ग्लासगोच्या गोदीवरच्या मारामाऱ्या, एक विधवा आणि तिची बहीण. अशा काही खुशीत सांगितली की मागच्या बाकावरच्या तरुणांना ग्लासगोचे तिकीट काढावेसे वाटले. मेडले छातीवर लावावीत तशी एकेक लावून झाल्यावर तो समाधानाने बसला.

मग फिन्लेला उठवले. तो नेहमीसारखा अर्धवट उभा राहिला. "मला फार बोलता येत नाही," तो म्हणाला. "माझं एकच आहे, आणि ऐकायला लहान आहे. पण ते रोज समोर येतं, बहुतेक चहाच्या वेळी. आलं की मला दोन गोष्टी आठवतात. मी कोण होतो, आणि मला कुणी सोडवलं. दुसरी आठवत नसती तर पहिलीनं मला कधीच बुडवलं असतं. आणि पहिली विसरलो असतो तर दुसरीची किंमत कळली नसती." आणि बसला.

तोरमोद घरी चालत येईपर्यंत त्या वाक्यांशी झगडत होता. पहिली गोष्ट त्याने पाठ केली होती, रोज, न चुकता. दुसरीपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. अर्धेच स्तोत्र म्हणायचे आणि रडत बसायचे, असे त्याचे झाले होते. आणि चहाच्या वेळी कसले पाप येते, हेही त्याला कळेना.

शनिवारी उपासना संपल्यावर पंच चर्चमागच्या लहान खोलीत बसले. तोरमोद दारापर्यंत गेला, परत फिरला, मेंढा सुटला असेल अशी स्वतःची समजूत घातली, आणि पुन्हा दाराशी आला. तेवढ्यात बहिरा मर्डो, पंचांतला सर्वांत म्हातारा, हवा यावी म्हणून दार उघडायला उठला आणि समोर तोरमोद.

"ये," मर्डो ओरडला. "आम्हाला वाटलं तू मेल्यावर येणार."

आत तरुण पाळकसाहेब होते, फिन्ले होता, आणखी दोघे होते. तोरमोद उभ्यानेच बोलायला लागला. झोपडी, घोंगडी, पिठाचे पोते. आवाज इतका खाली गेला की त्याचा त्यालाच ऐकू येईना. शेवटी तो थांबला.

"काय म्हणाला?" मर्डोने विचारले.

"पुन्हा सांगा, तोरमोद," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "थोडं मोठ्यानं." आणि उठून त्यांनी खिडकी लावून घेतली, कारण बाहेर अंगणात बरीच माणसे एकाएकी ढगांचा अभ्यास करू लागली होती.

म्हणजे ज्या गोष्टीचा चाळीस वर्षे उच्चार केला नव्हता ती तोरमोदला लागोपाठ दोनदा सांगावी लागली, आणि दुसऱ्यांदा ओरडून. "मी बिस्किट मोडलं. मी ते शब्द म्हटले. पाळकसाहेबांच्या आवाजात."

"कसलं बिस्किट?"

"जहाजावरचं."

मर्डोने विचार केला. "फार कडक असतात ती," तो म्हणाला. "माझे दोन दात गेले त्यात."

पाळकसाहेबांनी खाली बायबलकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. तो माणूस वयाने तिशीतला, त्या झोपडीच्या काळात जन्मलाही नव्हता, आणि आता हसावे की रडावे या पेचात होता. मग फिन्लेने घसा साफ केला.

"तोरमोद, तुम्ही सांगा, त्या संध्याकाळी झोपडीत किती जण होते?" इतर वेळी कुंपणावरून 'अरे-तुरे' करणारा फिन्ले पंचाच्या खुर्चीतून 'तुम्ही' म्हणाला.

"सात-आठ."

"कोण कोण?"

तोरमोदने नावे सांगितली. एकेक नाव घेताना तो माणूस कुठे बुडाला किंवा कुठल्या देशी गेला हेही सगळ्यांच्या मनात येत होते.

"आणि दाराशी?"

"दाराशी कोण? खोलीभर शेकोटीचा धूर होता."

"दाराशी मी होतो," फिन्ले म्हणाला. "आईनं मला थोरल्या भावाला घरी आणायला पाठवलं होतं. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही मी. मला वाटायचं, आत गेलो नाही तर पाप लागत नाही. बिस्किट फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मी घेतलं. खाल्लं. आणि तू ऐकलं असशील, सगळ्यांत मोठ्यानं कुणीतरी हसत होतं. तो मी."

'तू' कधी आला ते त्याचे त्यालाही कळले नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. इतकी वर्षे तोरमोद समजत होता की त्या संध्याकाळचा आता जगात आपण एकटेच उरलो, आणि साथीदार आठवड्यातून दोनदा त्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होता.

"म्हणून तू बिस्किट घेत नाहीस?" तोरमोदने विचारले.

"म्हणून. नवस नाही तो, शिक्षाही नाही. शिक्षा प्रभूनं भोगून झाली आहे, मी आणखी काय भरणार? फक्त ताटली पुढे आली की आठवण येते. आणि ती आली की मग कुणी माझ्यापुढे येऊन काहीही कबूल करो, त्याला नावं ठेवायला तोंड उघडत नाही."

"मला सांगितलं का नाहीस रे इतकी वर्षं?"

फिन्लेने टोपी हातात फिरवली. "भ्यालो. तुला वाटेल, हा पंच होऊन बसला आणि आपलं पाप माझ्यावर ढकलायला आला. माझं मी याच खोलीत सांगितलं होतं, बिल्ला घ्यायच्या आधी. मर्डोला विचार."

"काय म्हणाला?" मर्डोने विचारले.

"काही नाही," सगळे एकदम म्हणाले.

फिन्ले उठून तोरमोदजवळ आला. "तू विणकर आहेस, तुला मी काय सांगू. धागा तुटला की तू गाठ मारतोस. ती गाठ मागच्या बाजूला राहते. कापून टाकलीस तर कापड उसवतं, म्हणून ती असावीच लागते. पण गाठ आहे म्हणून कुणी कोट उलटा घालून हिंडतं का? तू आयुष्यभर हिंडलास."

तोरमोद रडला. उभ्या उभ्या, टोपी छातीशी धरून. पाळकसाहेबांनी आणखी एकच प्रश्न विचारला, की ज्याच्या मेजाची थट्टा केली त्याच्यावर आता प्रेम आहे का. तोरमोद 'हो' म्हणाला. मग नखाएवढा शिशाचा बिल्ला त्याच्या तळहातावर आला.

घरी डोलिनाने काही विचारले नाही. ती भांडी जरा जोरात आपटत होती एवढेच. तोरमोदनेही काही सांगितले नाही. इतके मोठे ओझे उतरले तरी माणसाचा मूळ खोडकरपणा कुठे जातो? बायकोने दोन दिवस टांगणीला लावले होते, त्याने एक रात्र लावले.

रविवारी डोलिना खरेच मागे आली. काळी टोपी, हाताची घडी, गॅलरीखाली नवऱ्याशेजारी ताठ बसलेली. पुढच्या बाकांवरून मागे वळणाऱ्या माना मोजायला बसले असते तर उपदेश राहून गेला असता. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे आधी मेजाला कुंपण घातले, म्हणजे कुणी येऊ नये ते सांगितले. खोटे बोलणारे, व्याज खाणारे, वैर धरणारे, पवित्र गोष्टींची थट्टा करणारे. तोरमोदला वाटले की आपले नाव तेवढे घ्यायचे बाकी ठेवले. मग पाळकसाहेब 'पण' म्हणाले आणि थोडे थांबले. आणि कुणी यावे ते सांगू लागले: जे यातले सगळे होते आणि ज्यांना ते आठवते, त्यांनी.

स्तोत्र सुरू झाले. एकाने ओळ उचलायची आणि सगळ्यांनी मागून झेलायची, तशी ती सावकाश चाल. एकेक जण मान खाली घालून पांढऱ्या चादरीकडे निघाला. डोलिना समोर भिंतीकडे पाहत होती.

"चल," तोरमोद तिच्या कानात म्हणाला.

"कुठे?"

त्याने मूठ उघडली. डोलिनाने बिल्ल्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"काल सांगायला तुझं तोंड शिवलं होतं?"

"आता ऊठ. तुझा बिल्ला नाही, त्याचं काय करायचं?"

डोलिनाने पर्स उघडली. रुमालाच्या घडीत तिचा बिल्ला होता, शनिवारीच घेतलेला. "असावा जवळ," ती म्हणाली आणि त्याच्या आधी उठली.

भाकरीची थाळी घेऊन फिन्लेच आला. तोरमोदच्या हातात तुकडा आला तेव्हा त्याला त्या बिस्किटाचा मोडताना झालेला कडक आवाज पुन्हा स्पष्ट ऐकू आला. त्याला इतकी वर्षे भीती वाटत होती ती याचीच, की मेजाशी बसलो आणि तो आवाज आला तर काय. आला. आणि काही झाले नाही. भाकर मऊ होती, शेजारी डोलिना होती, आणि तोरमोदला असा आनंद झाला की मोठ्याने हसू येईल याचीच धास्ती वाटली. त्याने फिन्लेकडे पाहिले नाही. फिन्लेनेही पाहिले नाही. पाहिले असते तर दोघांचे बिंग फुटले असते.

सोमवारी शेवटचे पाहुणे गेले आणि फिन्ले चहाला आला. तोरमोदने डोलिनाला सगळे सांगितले. ती ऐकत राहिली, मध्येच डोळे पुसले, मध्येच विचारले, "नक्कल खरंच इतकी चांगली होती?" आणि दोघेही पुरुष चुलीकडे पाहू लागले. मग तिने सवयीने बिस्किटांची ताटली पुढे केली. फिन्लेने हात हलवला. तिने ताटली नवऱ्याकडे वळवली. तोरमोदने एक क्षण पाहिले आणि हात हलवला.

"झालं," डोलिना म्हणाली. "आतापर्यंत एक होता, आता दोन झाले. मी भाजायची कुणासाठी?" तिने स्वतः एक बिस्किट उचलले आणि कुडकन चावले.

"तू खातेस?" तोरमोद म्हणाला.

"मला बिस्किट चालतं," ती म्हणाली आणि आपला कोरडा स्कोन जवळ ओढला. "तुमचं पाप बिस्किटाचं, माझं लोण्याचं."

तिने शांतपणे चहा ओतला, आणि पुढे कुणी कितीही विचारले तरी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.